गाडी बोलवायच्या आधी: कोल्हापूरच्या तालमींना आणि तरुण मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, वस्ताद, पदाधिकारी आणि कार्यकर्ते,
कोल्हापूर शहरातील तालीम मंडळे आणि जिल्ह्यातील तरुण मंडळे

सप्रेम नमस्कार.

पेठेत एखाद्या घरी दारूवरून रात्री दंगा झाला की पहिला फोन चौकीत जात नाही, डॉक्टरकडे तर नाहीच. तो तालमीत येतो. 'ह्याला कुठंतरी टाका एकदाचं,' एवढंच घरच्यांचं म्हणणं असतं. कार्यकर्त्यांपैकी कुणाच्या तरी मोबाइलमध्ये एखाद्या व्यसनमुक्ती सेंटरचा नंबर असतोच. दोन तासांत गाडी येते, चार दांडगे उतरतात आणि माणसाला उचलून आत घालतात. सकाळी गल्ली शांत असते, घरच्यांना झोप लागलेली असते आणि मंडळाला एक काम मार्गी लावल्याचं समाधान असतं.

आम्ही व्यसनाच्या उपचारात रोज काम करणारी माणसे आहोत: डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक. तुमच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. २०१९ च्या महापुरात घराघरांत भाकरी पोचवणारी मंडळे कुणाला सांगायला नकोत. पण उपचार केंद्र निवडायचे काम आपल्याकडे कुणी न सोपवताच तुमच्या गळ्यात पडले आहे, आणि ते रात्री साडेअकराला एका फोनवर उरकले जाते. म्हैस घ्यायची तर दोन्ही वेळची धार स्वतः काढून बघणारी आपली माणसे घरचा माणूस मात्र न बघितलेल्या जागी धाडतात. म्हणून हे पत्र घरच्यांच्या आधी तुम्हाला.

सुरुवात वैद्यकीय गोष्टीने करतो, कारण माणसे दगावतात ती इथे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, समोरची बायको ओळखू येत नाही, अंगात ताप असतो, नाडी धावत असते. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर यात जीव जातो. घरी हे झाले तर लोक म्हणतात 'बाहेरचं लागलंय'; केंद्रात झाले आणि तिथला सेवक अडाणी असला तर म्हणतो 'नाटक करतोय'. दोन्हीकडे वेळ जातो, आणि नेमका वेळच हातात नसतो.

आता गाडीचा हिशेब मांडून बघा. शेवटचा पेग रात्री दहाला, गाडी साडेबाराला, केंद्रात पहाटे. दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच फिटचा धोक्याचा काळ सुरू होतो आणि पुढची रात्र, त्यापुढचा दिवस तो टिकतो. त्या वेळी केंद्राचा डॉक्टर 'गुरुवारी येतो' असे उत्तर मिळत असेल, तर तुम्ही त्याला दारूपेक्षा मोठ्या संकटात नेऊन ठेवले आहे. तो दुचाकीवरून पडला असेल, डोक्याला मार लागला असेल, तर आणखी वाईट. मेंदूत रक्तस्राव झालेला माणूस आणि दारू तुटल्याने बडबडणारा माणूस वरवर सारखेच दिसतात. फरक तपासणीशिवाय कळत नाही.

हा धोका गाडीपुरता नाही. श्रावण लागला म्हणून, पंढरीची माळ घातली म्हणून, जोतिबाची शपथ घेतली म्हणून लोक एका रात्रीत दारू थांबवतात. महिलांनी मतदान करून गावात बाटली आडवी केली की दुकानाला कुलूप लागते. तो लढा मोठा, त्याबद्दल दुमत नाही. पण सकाळी डोळे उघडताच घोट लागणारी गावातली माणसे त्या आठवड्यात फिट येऊन पडू शकतात, हे कुणाच्या यादीत नसते. माळ घालायला लावणाऱ्यांनी आणि बाटली आडवी करणाऱ्यांनी अशी माणसे आधी हेरावीत आणि डॉक्टरला दाखवावीत. माळ आठवडाभराने घातली तरी विठोबा रागावणार नाही.

कुणाला जास्त धोका? सकाळी पहिला घोट घेतल्याशिवाय ज्याचा हात स्थिर होत नाही त्याला. पूर्वी दारू सोडताना फिट किंवा भ्रम झालेल्याला. रोज दोन-तीन क्वार्टर लागणाऱ्याला. १८० मिलिलिटरची एक क्वार्टर, ४२.८ टक्क्यांची, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. डॉक्टर मोजतात त्या १० ग्रॅमच्या मापाने सहा पेग. 'थोडीशीच घेतो' याचा हिशेब असा मांडून डॉक्टरला सांगावा: दिवसाला किती, कोणती, पहिली किती वाजता, शेवटची कधी. सोबत झोपेच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण त्या एकदम तुटल्या तरी फिट येते. हे चार-पाच आकडे चिठ्ठीवर लिहून नेले तर डॉक्टरचे अर्धे काम तिथेच होते.

एक गोष्ट गल्लीतल्या दवाखान्यात हमखास चुकते. दारुड्या अशक्त दिसतो, जेवत नाही, म्हणून घरचे म्हणतात 'सलाईन लावा', आणि ग्लुकोजची बाटली टांगली जाते. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-वन, म्हणजे थायमिन, आधीच आटलेले असते. नुसते ग्लुकोज गेले की उरलेसुरले बी-वन वापरले जाते आणि मेंदूला इजा होऊ शकते: गोंधळ, डोळ्यांची विचित्र हालचाल, झोकांड्या देत चालणे. हे वेळेत ओळखले नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत थायमिनचे इंजेक्शन हवे. केंद्र चालवणाऱ्याला 'भरती झाल्यावर बी-वन कसे देता?' एवढे विचारा. उत्तर द्यायला तो अडखळला तर बाकीचे प्रश्न विचारायची गरज नाही.

दारू उतरवायची औषधे ठरलेली आहेत: क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, यकृत खराब असेल तर बहुधा लोराझेपाम. पहिल्या दिवशी डोस मोठा, मग रोज कमी करत साधारण आठवडा-दहा दिवसांत बंद. ही औषधे डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. नुसते गुंगीचे इंजेक्शन टोचून माणसाला पाडून ठेवणे म्हणजे डिटॉक्स नव्हे. मनोविकारावरच्या काही औषधांनी तर फिटची शक्यता उलट वाढते.

म्हणून तुमच्याकडे फोन आला की गाडीच्या नंबराआधी एकच प्रश्न विचारायचा: आज त्याला दवाखान्यात न्यायची गरज आहे का? फिट येऊन गेली असेल, भास होत असतील, रक्ताची उलटी झाली असेल, डोळे पिवळे असतील, ताप असेल, डोक्याला मार असेल, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा असेल, तर १०८ ची रुग्णवाहिका आणि सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, किंवा जवळचे मोठे रुग्णालय. केंद्र नंतर. डिटॉक्स रुग्णालयात आणि पुढचे पुनर्वसन केंद्रात, अशी दोन टप्प्यांची सोय अवघड वाटते, पण बऱ्याच माणसांसाठी तीच बरोबर असते.

आणि प्रत्येकाला केंद्र लागतेच असे नाही. हे ऐकून कार्यकर्त्यांना नवल वाटते. थरथर कमी असेल, आधी फिट आलेली नसेल, घरात जबाबदार माणूस असेल, तर सीपीआरच्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीतून किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडून घरी राहूनही उपचार होतात. उसाचा हंगाम चालू असताना, लूमवर पाळी चालू असताना माणूस तीन महिने आत बसू शकत नाही. ओपीडीला मात्र येऊ शकतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत दारूचे व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळालेला दिसला, आणि भरती होऊन उपचार १८० जणांमागे एकाला. म्हणजे भरती हा एकच मार्ग धरून बसलो तर बहुतेकांपर्यंत काहीच पोचणार नाही.

केंद्र कुणाला? घरी राहून दोनदा प्रयत्न फसलेला. घरात भाऊ, बाप, सगळेच पिणारे असतील असा. दारूसोबत डिप्रेशन किंवा संशयाचा आजार असलेला. मात्र त्याच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ रोजच्या रोज हाताशी असलेले केंद्र हवे, नुसत्या प्रार्थनेवर चालणारे नको.

आता कागद. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ मध्ये. दारू आणि अमली पदार्थांशी संबंधित विकार या कायद्याच्या व्याख्येत येतात. म्हणून माणसाला भरती करून ठेवणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी लागते. भिंतीवर फ्रेम करून लावलेले धर्मादाय आयुक्तांचे प्रमाणपत्र म्हणजे संस्थेची नोंदणी. शॉप ॲक्टचा परवाना म्हणजे दुकानाची. ती दोन्ही दाखवून तिसरी टाळणारे पुष्कळ. फ्रेम जवळ जाऊन वाचा, मुदत बघा, मोबाइलवर फोटो काढा. फोटो काढू न देणाऱ्याचा हेतू कळायला दुसरे काही लागत नाही.

याच कायद्याने भरतीचे दोन मुख्य मार्ग ठरवले आहेत. पहिला, माणूस स्वतः सही करून भरती होतो. तो जायचे म्हणाला तर त्याला सोडावे लागते, फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येते. दुसरा, तो स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसतो तेव्हाचा. त्यासाठी त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे बहुधा जवळच्या नातेवाइकाचा अर्ज लागतो. त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. अशी भरती ३० दिवसांपर्यंतच. पुढे ठेवायचे तर पुन्हा तपासणी आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची प्रक्रिया. तालमीचा किंवा तरुण मंडळाचा अध्यक्ष या कायद्यात कुठेही बसत नाही. तुम्ही सही केलीत आणि आत काही बरेवाईट झाले तर प्रश्न तुम्हालाच विचारले जातील. गाडीतून आलेल्या चौघांनी झडप घालून नेलेल्या माणसाची ही तपासणी कुणी, कधी केलेली असते, ते तुम्हीच सांगा.

साखळीने बांधणे कायद्याने पूर्ण बंद आहे, कोणत्याही स्वरूपात. एकट्याला खोलीत कोंडणे बंद. जबरदस्तीने टक्कल करणे बंद. फुकट राबवून घेणे बंद. काम केले तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. स्वतःची खोली झाडणे, ताट धुणे हा दिनक्रमाचा भाग समजू शकतो, पण मालकाच्या बांधकामावर विटा वाहणे हा 'वर्क थेरपी'चा भाग नाही. पहिले काही दिवस फोन मर्यादित ठेवणारा नियम एकवेळ समजू. महिनाभर घरच्यांना आवाजही ऐकू न देणारा नियम कायद्यात बसत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला मोठ्यांसोबत ठेवता येत नाही, आणि त्याच्याजवळ घरचे माणूस राहावे लागते. सोल्युशन हुंगणारी पंधरा-सोळा वर्षांची पोरे मोठ्यांच्या वॉर्डात टाकली जातात, तिथे ती सोल्युशन सोडून गर्द शिकून येतात.

फोनवर विचारायचे प्रश्न फार नाहीत, पण उत्तरे लिहून घ्या. रात्री दोन वाजता ड्यूटीवर कोण असते आणि त्याचे शिक्षण काय? डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतो आणि फिट आली तर कोणत्या रुग्णालयात नेता? भरतीच्या वेळी कोणत्या तपासण्या करता? रक्त, साखर, यकृत, क्षार, ईसीजी हे तरी हवे. सुई टोचणारा असेल तर एचआयव्ही आणि कावीळ बी, सी. माझा माणूस तपासायच्या आधीच 'नव्वद दिवस लागतील' असे कुणी सांगत असेल तर त्याला आजार कळलेला नाही, खाटा भरायच्या आहेत. आणि 'शंभर टक्के हमी' हे शब्द आले की फोन ठेवून द्या. व्यसन हा परत उलटू शकणारा आजार आहे. घसरण किती होते आणि घसरलेला परत आला तर त्याच्यासोबत काय करता, हे मोकळेपणाने सांगणारे केंद्र विश्वासाचे.

मग प्रत्यक्ष जा. दोघांनी, दुपारी, न सांगता. ऑफिसात बसवून चहा पाजतील. चहा घ्या, आणि मग आत बघायचे म्हणा. खाटा किती आणि माणसे किती? जमिनीवर गाद्या टाकल्या आहेत का? संडास स्वतः बघा. स्वयंपाकघरात जा, पातेल्यात काय शिजतेय ते बघा; दारू सुटलेल्या माणसाला पहिल्या पंधरवड्यात भूक लागायला लागते आणि त्याला पोटभर, डाळ-अंड्यासह जेवण हवे. रात्री दाराला कुलूप बाहेरून घालतात का, किल्ली कुणाकडे असते, आग लागली तर काय? आतल्या माणसांशी सेवकाशिवाय पाच मिनिटे बोलू द्या म्हणा. ती माणसे मान खाली घालून 'चांगलं हाय' एवढेच म्हणाली तर त्याचा अर्थ तुम्हाला गल्लीत वाढल्याने कळेल.

एक गोष्ट मात्र चुकवू नका: नवीन आलेल्या रुग्णाचा तक्ता. डिटॉक्समध्ये दर काही तासांनी नाडी, रक्तदाब, ताप, थरथर, घाम, शुद्ध यांची नोंद व्हायची असते, त्यासमोर दिलेली गोळी, वेळ आणि सही. नाव झाकून दाखवा म्हणा. चांगल्या तक्त्यात शाई बदलते, अक्षर बदलते, पहाटे चारची नोंद वाकडी असते, कुठे १५०, कुठे १३८, कुठे 'उलटी, डॉक्टरांना कळवले' असे खरडलेले असते. खोटा तक्ता देखणा असतो. तीन दिवसांच्या सगळ्या नोंदी एका पेनाने, एका बैठकीत, प्रत्येक ठिकाणी १२० बाय ८०. दारू तुटलेल्या माणसाचा रक्तदाब तीन दिवस असा शहाण्यासारखा राहत नाही. सोबत औषधांचे कपाट बघा: कुलूप आहे का, गोळ्यांची मोजदाद ठेवणारी वही आहे का? जुना पेशंट 'सेवक' होऊन किल्ल्या सांभाळत असेल तर त्यात वावगे नाही, व्यसनातून बाहेर पडलेला माणूस फार उपयोगी पडतो. पण त्याच्यावर प्रशिक्षित परिचारिका आणि डॉक्टर असले पाहिजेत. कालपर्यंत पिणाऱ्याच्या हातात आज झोपेच्या गोळ्यांची डबी देणे त्याच्यावरही अन्याय आहे.

अंतराचा विचार घाईत कुणी करत नाही. पुणे कोल्हापूरपासून सुमारे २३० किलोमीटर. तिथे नावाजलेली केंद्रे आहेत, १९८६ पासून चालणारे मुक्तांगणही तिथलेच. पण उपचारात घरच्यांच्या बैठका असतात आणि त्यांना दर आठवड्याला जावे लागते. आठवड्याची मजुरी बुडवून एसटीने पुणे करणारी बाई दोनदा जाईल, तिसऱ्यांदा जाणार नाही. चंदगड, आजऱ्याच्या माणसाला कोल्हापूरच लांब पडते, त्याला बेळगाव जवळ. कायदा केंद्र सरकारचा असल्याने तिकडेही हेच नियम. शिरोळकराला सांगली-मिरज सोयीचे. घरची बाई जिथे दर आठवड्याला पोचेल ते केंद्र, हा नियम जाहिरातीतल्या स्विमिंग टँकपेक्षा कामाचा.

पैशाचे बोलणे आधी आणि लेखी. महिन्याच्या रकमेत डॉक्टर, औषधे, तपासण्या येतात का? ॲडव्हान्स किती, आणि माणूस दहाव्या दिवशी निघाला तर परत किती? पावती मिळते का? गाडीचे वेगळे पैसे लावतात का? 'बिल भरा, मग सोडतो' म्हणून माणूस अडकवून ठेवता येत नाही. आरोग्य विम्यावर विसंबू नका: बहुतेक पॉलिसींमध्ये दारू आणि अमली पदार्थांचे उपचार वगळलेले असतात, ते कलम आधी वाचा. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी केंद्रेही आहेत. त्यांची चौकशी १४४४६ या मोफत क्रमांकावर होते. मानसिक त्रासासाठी टेलि-मानस १४४१६, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. हे तीन नंबर आणि १०८ तालमीच्या फळ्यावर रंगवून घ्या. दंगलीच्या, पुराच्या, गणपतीच्या सूचना लिहितो तिथेच.

बायकांबद्दल थोडे. दारू किंवा गोळ्यांचे व्यसन असलेली बाई घरातच लपवली जाते आणि तिच्यासाठी जागाही कमी. वेगळा वॉर्ड, रात्री महिला कर्मचारी, आणि पुरुष सेवकाच्या हातात किल्ली नाही, या तीन गोष्टींशिवाय तिला कुठेही पाठवू नका. त्यापेक्षा ओपीडी बरी.

तालमीशी थेट संबंध असलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. व्यायामशाळांतून 'दम येतो' म्हणून मेफेंटरमाइनची इंजेक्शने फिरतात. हे औषध भूल देताना रक्तदाब पडला तर तो वर आणण्यासाठी वापरायचे. सेट मारण्यासाठी नव्हे. याने हृदयाचे ठोके बिघडतात, सवय लागते, आणि एका सिरिंजने दोघांनी घेतले तर एचआयव्ही आणि कावीळ वेगळी. एमडी, म्हणजे मेफेड्रोनची नशा, घेणाऱ्याचेही तसेच: सोडताना फिट येत नाही, पण गळून जातो, निराशा इतकी येते की जीव द्यायचे विचार येतात. अशाला पहिल्या आठवड्यात एकटे सोडायचे नसते. दारू सोडवण्यापुरतेच माहीत असलेल्या केंद्राला 'एमडीचे पेशंट किती बघितलेत?' हे विचारून घ्या. गर्द किंवा अफूच्या जातीतली नशा असेल तर टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, भयानक वाटते, क्वचितच मारते. मारते ती महिना-दोन महिने आत राहून आल्यावर पूर्वीच्या मापाने घेतलेली पहिली पुडी. सहनशक्ती उतरलेली असते. ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध पुढे चालू ठेवणाऱ्या डॉक्टरशी जोडून देणारे केंद्र यासाठीच हवे. 'सगळी औषधे बंद करूनच घरी पाठवतो' ही अशा रुग्णाच्या बाबतीत शेखी नाही, धोका आहे.

हे पत्र काही जण दुसऱ्यासाठी म्हणून वाचत असतील आणि मनात स्वतःचा हिशेब चालू असेल. तुमच्यासाठी रस्ता जास्त सोपा आहे. स्वतः गेलात तर सही तुमची, बाहेर पडायचा हक्कही तुमचा. आज रात्री एकदम थांबवू नका. उद्या सकाळी चिठ्ठीवर आकडे लिहून डॉक्टरकडे जा. गावात नको वाटत असेल तर शेजारच्या तालुक्यात जा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट; त्याच्या मराठी बैठकांना फी नसते, आडनाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-ॲनॉनच्या बैठका वेगळ्या.

माणूस परत आला की मंडळाचे खरे काम सुरू होते आणि नेमके तिथेच ते सुटते. पहिले तीन महिने सगळ्यात घसरडे. डॉक्टरकडचा फॉलोअप पहिल्या आठवड्यात, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. सोबत कुणीतरी जावे. ॲकॅम्प्रोसेट किंवा नालट्रेक्सोनसारख्या ओढ कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टर लिहून देतात. 'आता बरा झालास, गोळ्या कशाला' असे तालमीत बसून कुणी सांगू नये. नालट्रेक्सोन चालू असताना अफूच्या जातीतले वेदनाशामक चालत नाही, हे दाताच्या डॉक्टरलाही सांगायचे. त्याचा सत्कार करू नका, हार घालू नका, फोटो ग्रुपवर टाकू नका. घसरला तर त्याच फोटोखाली लोक हसणार आहेत. त्याला मिरवणुकीत पाणीवाटपाचे काम द्या आणि मिरवणुकीनंतरच्या बैठकीला बोलवू नका. रस्सा पार्टीला बाटली नसेल तर तोही येईल, तांबडा-पांढरा दारूशिवाय कोरडा लागत नाही. घसरला तर तो कट्टा सोडून जाईल, तोंड चुकवेल. दोघांनी घरी जाऊन आठवड्याच्या आत डॉक्टरकडे नेले तर बहुतेक वेळा पुन्हा भरतीची वेळ येत नाही.

शेवटी एक मागणी. गणपतीच्या आधी, वर्गणीच्या पावत्या छापायच्या आधी, प्रत्येक मंडळाने दोन कार्यकर्ते नेमावेत, त्यातली एक बाई असेल तर उत्तम. त्यांनी तीन केंद्रे, एक ओपीडी आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकीची एक जागा स्वतः बघून यावी, वर लिहिलेल्या गोष्टी वहीत उतरवाव्यात आणि वर्षातून एकदा त्या पुन्हा तपासाव्यात. केंद्राचा डॉक्टर बदलला की केंद्र बदलते. फोन आला की ती वही उघडायची. ज्याच्या मोबाइलमध्ये फक्त गाडीचा नंबर आहे, त्याने तो खोडून टाकावा.

आपले,
व्यसनाच्या उपचारात काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक

ता. क. 'न सांगता दारू सोडवा, चहात मिसळा' अशा पुड्या बाजारात मिळतात, मंडळाच्या ग्रुपवरही त्यांच्या जाहिराती फिरतात. त्यात काय असते ते छापलेले नसते. डायसल्फिरामची गोळी अशीच गुपचूप जेवणात दिली जाते. तिच्यावर दारू पडली की तोंड लाल होते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो; हृदय कमकुवत असेल तर माणूस जातो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत ही प्रतिक्रिया येऊ शकते. ती गोळी उपयोगी आहे, पण ती घेणाऱ्याला माहीत असताना, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास उलटल्यावर, यकृताची तपासणी करून आणि डॉक्टरने लिहून दिली तरच. कुणाच्या घरी अशी पुडी चालू असल्याचे कळले तर आधी ती थांबवा आणि त्या माणसाला स्पष्ट सांगा: 'तुला हे दिलंय, पंधरा दिवस दारूला हात लावू नकोस.' मग दोघांनाही डॉक्टरकडे घेऊन जा, पुडी सोबत न्या.